पदराचं टोक

आईच्या सगळ्या साड्यांच्या पदराचं एक टोक कडक असायचं. धुतलं की मऊ व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा खळ घातल्यासारखं. चार-पाच वर्षं आम्ही ते बघत होतो. तिचा डावा डोळा वाहायचा, ती पदराने टिपायची, यात विचारण्यासारखं काही आहे असं घरात कुणाला वाटलं नाही. चुलीचा धूर, कांदा, ऊन, एसटीच्या खिडकीतलं वारं, ही कारणं तिनेच ठरवून टाकली होती. घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली होती, हे निदान माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं.

एकदा मटारच्या शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "मला रडू आलं ना, तर नाक उजवीकडूनच वाहतं. डावं कोरडंठाक." मी "हो का" म्हणून पुढची शेंग उचलली. आज ते आठवलं की पोटात तुटतं. तिने आपल्या दुखण्याचं निदानच माझ्या हातात ठेवलं होतं.

डोळ्यातलं पाणी जातं कुठे, असा प्रश्न आपल्याला एरवी पडत नाही. पापणीच्या वर, बाहेरच्या अंगाला अश्रुग्रंथी असते. तिथून पाणी झिरपतं, पापणी लवते तसं डोळ्यावर पसरतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यात जमतं. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेवर एकेक बारीक छिद्र आहे. आरशासमोर खालची पापणी जराशी ओढून पाहिली तर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, तो हाच. त्या छिद्रातून पाणी नाकाच्या कडेला असलेल्या अश्रुपिशवीत जातं आणि पिशवीच्या खालच्या, हाडातून जाणाऱ्या नळीने नाकात उतरतं. म्हणून तर रडलं की नाक वाहतं, आणि डोळ्यात घातलेल्या थेंबांची चव थोड्या वेळाने घशात कडू लागते. हे पाणी नुसतं घरंगळत जात नाही. पापणी मिटते-उघडते तेव्हा ती पंपासारखं त्याला आत ओढून घेते.

हाडातली ती नळी हळूहळू सुजून, चिकटून बंद झाली की पिशवीत पाणी तुंबतं. तुंबलेल्या पाण्यात जंतू वाढतात, पू होतो. चाळिशीच्या पुढच्या बायकांत हे पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं. बायकांची ती नळी मुळातच अरुंद असते, हे त्याचं एक कारण सांगतात. आमच्याकडची जुनी माणसं याला लासरू म्हणत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यांचे नऊ रोग सांगितले आहेत, त्यांत 'पूयालस' येतो. कोपऱ्यात सूज, ती पिकते, पू येतो. म्हणजे दुखणं जुनंच आहे. आणि आईसारख्या बायका ते पदराने टिपत आल्या आहेत, तेही तेवढंच जुनं असणार.

उलगडा झाला तो मोतीबिंदूच्या शिबिरात. गावातल्या सात-आठ बायकांबरोबर आई गेली होती, मीही होते. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या नाकाच्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्याशी, बोटाने अलगद दाबलं. त्या टाचणीएवढ्या छिद्रातून पिवळट पू वर आला. मी वाकून पाहत होते. इतक्या बारीक भोकातून तो दाण्यासारखा फुगून वर आला आणि पापणीच्या कडेवर पसरला. मग त्यांनी बोथट सुईने खालच्या छिद्रातून सलाईनचं पाणी सोडलं. "आजी, घशात खारट लागलं का?" आईने गिळून पाहिलं. "नाही." पाणी वरच्या छिद्रातून परत आलं होतं.

"आधी याचं ऑपरेशन, मग मोतीबिंदू," डॉक्टर म्हणाले. पिशवीत पू असताना मोतीबिंदूसाठी डोळा उघडला, तर जंतू आत जाऊन डोळाच गमवायची वेळ येते. आपल्याकडे मोतीबिंदूच्या आधी ही पाणी सोडून बघायची तपासणी करतात ती यासाठीच. पण आईला हे सगळं समजावून सांगेपर्यंत बाकीच्या बायका हिरव्या पट्ट्या बांधून, काळे चष्मे घेऊन गाडीत बसल्या होत्या. आई तशीच परत आली. वाटेत एकदाच म्हणाली, "माझ्यातच घाण निघाली." त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

आई ऑपरेशनला घाबरत होती ती आत्यामुळे. आत्यालाही हेच झालं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी. तिचं ऑपरेशन झालं, पू थांबला, पण डोळा मरेपर्यंत वाहत राहिला. "वन्संचं काय झालं बघितलंस ना? फुकट गेलं सगळं," आई म्हणायची. घराण्यात हेच ठरून गेलं होतं की लासराचं ऑपरेशन यशस्वी होत नाही.

पुढे मिरजेच्या डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "पिशवी काढली होती का त्यांची?" घरी येऊन जुने कागद उघडले. हो, पिशवीच काढून टाकली होती. या दुखण्यावर दोन वेगळी ऑपरेशनं आहेत, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. एकात अश्रुपिशवी काढून टाकतात. ते लवकर उरकतं, रक्त कमी जातं, पूची जागाच नाहीशी होते. माणूस फार थकलेला असेल, दुसरे आजार असतील, किंवा मोतीबिंदूची घाई असेल, तर हा मार्ग रास्त ठरतो. पण पाण्याला वाट मिळत नाही. डोळा वाहतच राहतो. दुसऱ्या ऑपरेशनला डॉक्टर 'डीसीआर' म्हणतात. त्यात पिशवी ठेवून तिच्यातून नाकात नवी वाट काढतात.

आत्याचं ऑपरेशन फसलं नव्हतं. जे करायचं ठरलं होतं ते नीट झालं होतं. फक्त पाणी थांबणार नाही, हे तिला कुणी आधी सांगितलं नाही, किंवा तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं नाही. आपल्याच शरीरात काहीतरी खोट आहे, असं समजून ती वीस वर्षं डोळा पुसत राहिली. याचा मला अजून राग येतो. ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी विचारावं, "यानं पू थांबेल, की पाणीही थांबेल?" दोन शब्दांच्या उत्तराने आत्याची वीस वर्षं वेगळी गेली असती.

आम्ही ठरवतोय तोवर दुखण्याने वाट पाहिली नाही. एका सकाळी आईच्या डोळ्याचा कोपरा लिंबाएवढा सुजला, लालभडक, हात लावू देईना. ताप चढला. शेजारणीने लेप लावायला आणला होता, तो मी परत पाठवला, जरा तोडूनच बोलले. अशी सूज फुटली की कातडीतून वाट पडते आणि कधीकधी ती भरतच नाही, गालावर पाणी येत राहतं. औषधांनी सूज उतरायला दहा दिवस गेले. त्यानंतर थोडे दिवस थांबून डीसीआर ठरलं.

डॉक्टरबाईंनी मला कागदावर काढून दाखवलं. नाकाच्या कडेला सव्वा-दीड सेंटिमीटरचा छेद. खाली पिशवी, पिशवीमागे हाड. हाडाचा एक भाग कागदासारखा पातळ, पुढचा जाड. ते हाड कुरतडून साधारण एक ते दीड सेंटिमीटरचं भोक करायचं आणि पिशवीचं अस्तर नाकाच्या अस्तराशी टाक्यांनी जोडायचं. बंद पडलेली नळी तशीच सोडून द्यायची, पाण्याने तिच्या वरूनच नाकात उतरायचं. एवढं मोठं भोक कशाला, असं मी विचारलं. "शरीराला भोक चालत नाही. ते बुजवायला बघतं. म्हणून आम्ही मोठं करतो. भरून आल्यावर दोनेक मिलिमीटर उरतं. तेवढं पुरतं."

या ऑपरेशनची मूळ कल्पना फ्लॉरेन्सच्या आदेओ तोती या डॉक्टरांची, १९०४ सालची. अस्तर टाक्यांनी जोडायची सुधारणा पुढे १९२०च्या सुमारास फ्रेंच डॉक्टरांनी केली. आई ज्या टेबलावर झोपली तिथे शंभर वर्षांनंतरही जवळपास तेच होत होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून दुर्बिणीने, नाकाच्या आतूनही हे करू लागले. त्यात चेहऱ्यावर व्रण राहत नाही. बाहेरून केलेल्या ऑपरेशनचं यश शंभरात नव्वदहून जास्त सांगतात, आणि हात बसलेल्या डॉक्टरांकडे दुर्बिणीचंही त्याच्या जवळपास जातं. तरुण मुलगी असती तर आम्ही दुर्बिणीचा विचार केला असता. आईला विचारलं तर म्हणाली, "व्रणाचं काय घेऊन बसलीस? चष्म्याखाली जाईल." आणि खरंच, तो आज चष्म्याच्या नाकपट्टीखाली बेमालूम बसलाय. शोधावा लागतो.

ऑपरेशन भूल देऊन, पण जागेपणीच झालं. दुखलं नाही, पण आवाज येत होता, असं आई सांगते. "आत कुणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरत होतं. कट् कट् कट्." दुसऱ्या दिवशी नाकातला बोळा काढला तेव्हा थोडा घोळणा फुटला आणि आम्ही घाबरलो, पण तेवढं होतंच म्हणे. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, गरम चहा थंड करून प्यायचा. आईला सगळ्यांत जड गेलं ते चहाचं.

नवी वाट बुजू नये म्हणून त्यांनी सिलिकॉनची नळी घातली होती. वरच्या आणि खालच्या छिद्रातून जाऊन नाकात उतरणारी. डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा बारीकसा पारदर्शक फास दिसायचा. नळी प्रत्येकालाच लागते असं नाही, पण आईची पिशवी वारंवार सुजून आक्रसली होती म्हणून घातली. तिसऱ्या आठवड्यात आई सकाळी उठली तर तो फास लांब होऊन गालावर आलेला. झोपेत तिने डोळा पुसला होता. पुसायला काही नव्हतं, पण हाताची सवय गेली नव्हती. पदराचं टोक धरून कोपऱ्यातून बाहेर ओढायचं, ही पाच वर्षांची सवय. आम्ही तो गालाला चिकटपट्टीने धरून ठेवला आणि पहिल्या गाडीने मिरज गाठलं. डॉक्टरबाईंनी नाकातून नळी खाली ओढून ती जागेवर बसवली. "आजी, आता पुसायचं नाही. टिपायचं. तेही डोळा मिटून."

नळी निघाली तेव्हा पुन्हा तीच तपासणी, तीच बोथट सुई. पाणी सोडलं आणि आई एकदम ठसकली. "खारट!" तिने खारट हा शब्द असा उच्चारला, जणू कुणी तिच्या तोंडात पेढा घातला होता. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं की मार्ग मोकळा आहे.

इथे मला वाटलं, संपलं. पण घरी आल्यावर मी पाहिलं, तर आई अजून डोळा टिपत होती. पहिल्यासारखा नाही, पण टिपत होती. सकाळी अंगण झाडताना एकदा. दुपारी टीव्ही बघताना एकदा. कधी गाडीवर मागे बसली की. मी न सांगता मोजायला लागले. आधी दिवसात वीस-पंचवीस वेळा पदर वर जायचा. आता तीन, फार तर चार. तरी माझ्या मनात आत्या यायची. हेही फुकट गेलं का?

पुढच्या तपासणीला मी वहीच घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी ती खरंच मन लावून वाचली. आणि मग त्यांच्याकडून मला जे कळलं, त्यासाठी हा सगळा लेख लिहितेय. माझ्यासारखंच, डोळा किती वेळा पुसावा लागतो ते डॉक्टरही मोजतात. मंक नावाच्या डॉक्टरांनी केलेली मोजपट्टी जगभर वापरतात. पुसावाच लागत नसेल तर शून्य. दिवसात दोनपेक्षा कमी वेळा, तर एक. दोन ते चार वेळा, तर दोन. पाच ते दहा, तर तीन. दहाच्या वर चार, आणि सतत वाहत असेल तर पाच. आई चारावरून दोनवर आली होती.

"मग हे यश की अपयश?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते तुम्ही काय मोजता त्यावर आहे. सुईने पाणी सोडलं आणि घशात गेलं, म्हणजे वाट उघडी आहे. ते एक यश. डोळा वाहायचा थांबला, ते दुसरं. शंभरातल्या काही लोकांत पहिलं मिळतं आणि दुसरं अर्धवट मिळतं. वाट उघडी असूनही डोळा वाहू शकतो, कारण वयामुळे खालची पापणी सैल होते, पंप ढिला पडतो. शिवाय आईचा डोळा कोरडा होता. कोरड्या डोळ्याला वारं लागलं की तो चिडून भसकन पाणी सोडतो. अश्रुमार्गाच्या ऑपरेशनांच्या अभ्यासांतही कुणी शून्य आणि एकलाच यश धरतात, कुणी दोनलाही. म्हणजे माझी आई एका अभ्यासात यशस्वी ठरली असती आणि दुसऱ्यात नाही.

डीसीआर फसलं असं पूर्णपणे कधी म्हणायचं, तेही त्यांनी सांगितलं. नवी वाट व्रणाच्या उतींनी बुजते, किंवा नाकातले पडदे एकमेकांना चिकटतात, किंवा भोक पुरेसं खाली नेलेलं नसेल तर पिशवीच्या तळाशी पाणी साचत राहतं. बहुतेकदा हे पहिल्या काही महिन्यांतच कळतं. पुन्हा ऑपरेशन करता येतं, पण दुसऱ्यांदा यशाचं प्रमाण थोडं उतरतं. म्हणूनच बरं वाटलं तरी तपासणीला या, असं त्या बजावत होत्या. बरं वाटलेली माणसं परत येत नाहीत आणि न वाटलेली दुसऱ्या दवाखान्यात जातात. मग आपल्या हाताला किती यश आलं, हे डॉक्टरला कळायचं कसं?

माझी मुलगी दोन महिन्यांची असताना तिचाही एक डोळा असाच वाहायचा, चिपडांनी चिकटायचा. तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी करंगळीने नाकाच्या कडेला वरून खाली दाबत न्यायचं शिकवलं होतं, दिवसातून चार-पाच वेळा. जन्मतः नळीच्या नाकाकडच्या टोकाशी पातळ पडदा राहिलेला असतो. दहातल्या नऊ बाळांत तो वर्षाच्या आत आपोआप सुटतो, नाही सुटला तर सळई घालून मोकळा करतात. आई तेव्हा काजळ घाल म्हणून मागे लागली होती आणि मी घातलं नाही. आठव्या महिन्यात डोळा स्वच्छ झाला. लेकीच्या डोळ्यासाठी मी लगेच दवाखाना गाठला होता. आईच्या डोळ्याला मात्र पाच वर्षं लागली.

त्या संध्याकाळी मी आईलाच विचारलं, "तुला काय वाटतं, झालं का बरं?" ती माझी वही, ते आकडे, ती मोजपट्टी यांतलं काहीच बोलली नाही. म्हणाली, "वास गेला गं."

मला कधी वास आल्याचं आठवत नव्हतं. पण तिला येत होता. पिशवीतला पू कोपऱ्यात यायचा, त्याचा वास तिला रात्रंदिवस नाकाशी असायचा. म्हणून ती माझ्या लेकीला मांडीवर घेताना कायम उजव्या अंगाला घ्यायची. हळदी-कुंकवाला कुणी गळामिठी मारायला आलं की मान डावीकडे वळवायची. मोतीबिंदूच्या गाडीत एकटीच मागच्या बाकावर बसली होती. या सगळ्या गोष्टी मी पाहिल्या होत्या. तिच्या स्वभावात धरून टाकल्या होत्या.

चार महिन्यांनी मोतीबिंदूही झाला, हिरवी पट्टी बांधून ती शेजारच्या सगळ्या घरी जाऊन आली. एक नवी गंमत तिला सापडली होती, ती ती सगळ्यांना दाखवायची. नाक दाबून शिंकरलं की डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून वाऱ्याची बारीक झुळूक येते. वाट उघडी असल्याची ती खूण. माझी लेक डोळ्याजवळ हात धरून, "आजी, आलं वारं!" म्हणून ओरडायची.

गेल्या श्रावणात मामा गेला. आईचा धाकटा भाऊ, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ती दिवसभर रडली. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, आणि तिने मान वळवली नाही. तिन्हीसांजेला मी तिला धरून मोरीत नेलं. तिने तोंडावर पाणी मारलं, खूप वेळ मारत राहिली, मग वाकून नाक शिंकरलं. एक नाकपुडी, मग दुसरी. पदराच्या टोकाने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दोन्हीकडनं आलं."